सावलीत लागलेलं ऊन

दर उन्हाळ्यात मोबाईलवर ते येतंच. काचेच्या ग्लासातलं सरबत, वर पुदिन्याचं पान, आणि खाली लिहिलेलं असतं की आपले पूर्वज किती शहाणे होते, उन्हाळ्यात शरीर थंड कसं ठेवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी ते वाचते आणि पुसून टाकते. यंदा तर आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई घरीच आल्या. म्हणाल्या, "काकू, तुमच्या वडिलांचं शरबताचं दुकान होतं ना? आयुर्वेदिक शीतपेयांवर आमच्यासमोर एक तास बोला. करूनही दाखवा." मी नाही म्हटलं. त्या हिरमुसल्या. त्यांना वाटलं असेल, म्हातारीला कृती सांगायच्या नाहीत. कृती मला सगळ्या येतात, झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण कृतीसोबत बाकीचंही सांगावं लागेल, आणि ते ऐकायला त्यांच्या हॉलमध्ये एकही बाई थांबायची नाही. म्हणून इथे लिहिते.

नागपुरातल्या इतवारीतली आमची गल्ली विणकरांची. आजोबांच्या काळात घरोघरी माग होते. माझ्या लहानपणी तीन-चारच उरले होते, आणि सकाळी डोळे उघडले की त्यांची खटखट भिंतीतून यायची. आमच्या घरचा माग बाबांनी मोडीत काढला आणि पुढच्या खोलीत दुकान टाकलं. एरवी त्यात सूत, सुया, उदबत्त्या असलं काहीबाही असायचं. होळी झाली की ते सगळं माळ्यावर जायचं आणि दुकानात पाच माठ मांडले जायचे. बाबा तरुणपणी एका वैद्याकडे औषधं कुटायला होते. तिथे ते किती शिकले आणि किती नुसतं ऐकलं, हे मला आजही कळलेलं नाही. लोक त्यांना दौलतजी म्हणायचे. काही जण वैद्यबुवाच म्हणायचे, आणि बाबा त्यांना कधी दुरुस्त करत नसत.

पहिल्या माठात पन्हं. आई पहाटे चुलीतल्या निखाऱ्यांत गावठी कैऱ्या पुरायची. साल काळी पडून फुटली की बाहेर काढायची, आणि त्या गरम असतानाच सोलायचं काम माझं. बोटं पोळायची, पण गार झालेल्या कैरीचा गर सालीला धरून बसतो, म्हणून थांबायचं नाही. मग गूळ, भाजलेलं जिरं, काळं मीठ. दुसऱ्या माठात बेलफळाचं सरबत. तिसऱ्यात धने, जिरे आणि बडीशेप ठेचून भिजत घातलेलं पाणी, त्यात खडीसाखर. चौथ्यात नुसतं वाळ्याचं पाणी, ज्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. पाचवा माठ पळसाच्या फुलांचा. रामटेककडच्या बायका ती वाळलेली फुलं टोपलीत घेऊन यायच्या. पाणी केशरी व्हायचं, आणि बाबा ते लहान मुलांना फुकट पाजायचे. आलेल्या माणसाकडे बघून बाबा ठरवायचे. तुझं अंग गरम आहे, तू बेल घे. तुझं पोट साफ नाही, तू धन्याचं पाणी घे. लोक माना डोलवायचे. मी पितळी पळीनं ग्लास भरायची आणि रिकामे ग्लास बादलीत विसळायची. बाबा पन्हं ओतताना पळी उंच धरायला लावायचे, म्हणजे धार वाजते आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही तहान लागते. ती धार अख्ख्या घरात ऐकू यायची.

बाबांचं खरं नाव झालं होतं ते मात्र दुसऱ्याच कारणानं. ऊन लागलेला माणूस ते दहा पावलांवरून ओळखायचे. गल्लीत कोणी भोवळ येऊन पडलं की त्याला उचलून आमच्याच ओट्यावर आणायचे. बाबा आधी त्याच्या काखेत हात घालून बघायचे, घाम आहे की नाही. मग हरभऱ्याची वाळवलेली भाजी घमेल्यातल्या गार पाण्यात चुरायची, ते पाणी अंगभर चोळायचं, ओलं धोतर पांघरायचं, वारा घालायचा, आणि शुद्धीवर आल्यावर घोटघोट पन्हं. मला त्यांनी हे नीट शिकवलं होतं. "शके," ते म्हणायचे, "घाम येऊन राहिला तोवर घाबरू नको. घाम बंद झाला, अंग वाळलं अन् माणूस बरळाले लागला, का मंग धाव." माझ्या वर्गातल्या मुली पाढे पाठ करायच्या, मला ही लक्षणं पाठ होती. मला माझ्या बापाचा फार अभिमान होता. तोही लिहून ठेवते, कारण पुढे त्याचं काही उरलं नाही.

माझी बहीण सुमनताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. माझ्या आधी ती पळी तिच्याच हातात होती. तिला काटोलला दिलं होतं. भाऊजी तिथल्या संत्र्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे लिखापढी करायचे. त्या वर्षी चैत्रात ती बसनं पहिल्या बाळंतपणाला घरी आली, ती पोट सावरत, घामानं निथळत, आणि पायरीवर बसूनच म्हणाली, "शके, आधी पन्हं आण वं, मंग बाकीचं." गरोदर बाईला पन्हं चालतं, असं बाबांचं मत होतं. त्यामुळे ताई दिवसाला तीन-चार ग्लास प्यायची. दुपारी माझ्याशेजारी बसून ग्लास विसळू लागायची, मीठ कमी पडलंय म्हणून माझी खोडी काढायची. ते दोन महिने घरात हसण्याचा आवाज होता. वैशाख सरता सरता ती घरीच बाळंत झाली, मुलगा झाला, आणि त्या घटकेपासून तिला सगळं थंड बंद झालं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळंतीण म्हणजे ओलं अंग, तिला वारा लागता कामा नये, असं आमच्याकडे ठरलेलं होतं. दुकानामागची मधली खोली तिला दिली. एकच खिडकी, तिच्या फटींत चिंध्या कोंबल्या. बाजेवर गोधडी, अंगावर गोधडी, डोक्याला आणि कानांना घट्ट फडकं. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा-शेपाची धुरी. डिंकाचे लाडू, तूप, लसूण, सगळं गरम. आणि पाणी सुंठ घालून उकळलेलं, एक वाटी सकाळी आणि एक वाटी संध्याकाळी. जास्त प्यायलं तर पोट सुटतं, दूध पातळ होतं, बाळाला सर्दी होते. बाहेर नागपूरचा मे महिना होता, नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागायचा होता. भरदुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. त्या खोलीच्या आणि दुकानाच्या मध्ये फक्त फळ्यांची भिंत होती. म्हणजे दिवसभर, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, ताई त्या बाजेवर पडून पन्ह्याची धार ऐकत होती. पन्हं मी ओतत होते, उंचावरून, बाबांनी शिकवल्यासारखं.

हे लिहिताना आजही माझा हात रागानं जड होतो. अख्ख्या गल्लीची प्रकृती बघणारा माणूस, पोरीची प्रकृती बघायला फळीपलीकडे गेला नाही. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं म्हणे. रिक्षावाल्याचं अंग गरम आहे हे त्यांना दिसायचं. आई त्या खोलीत जायची, दिवसातून दहादा जायची, पदरानं स्वतःचा घाम पुसत जायची, आणि तिच्याही मनात कधी आलं नाही की मी दोन मिनिटांत भिजले, तर ही इथे चोवीस तास आहे.

सातव्या दिवशी दुपारी आईनं मला लाडवाची वाटी घेऊन आत पाठवलं. ताईनं लाडवाकडे पाहिलं नाही. तिचे ओठ फुटले होते. तिनं माझं मनगट धरलं.

"शके, एक घोट दे ना वं."

"काय?"

"पन्हं नाही मागत. तू गिलास धुते ना बाल्टीत, त्यातलंच पाणी दे. तेबी चालते मले."

मी म्हटलं, "बाबा म्हणते, बाळंतिणीनं थंड पेलं का बाळाले सर्दी होते."

"बाळ झोपून आहे. त्याले काय समजते? कोणाले सांगू नको. जाय ना वं लवकर."

मी गेले. पण बादलीकडे गेले नाही, आईकडे गेले. ताई विसळलेलं पाणी मागते आहे, असं मी आईला सांगितलं. मी बारा वर्षांची होते. मला वाटलं, बाळाला काही झालं तर माझ्यावर येईल. आणि खोटं कशाला लिहू, मोठ्यांच्या बाजूचं असल्याचा एक तोराही होता. आई तरातरा आत गेली. "सात दिवस नाही झाले तं जिभेवर ताबा नाही तुह्या!" हे मला बाहेर ऐकू आलं. तिनं खोलीतली पाण्याची तपेली उचलून आणली आणि संध्याकाळची वाटीही बंद केली. त्यानंतर ताई माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, रुसली आहे. ती रुसली नव्हती, तिच्यात बोलायचं त्राण नव्हतं, आणि हे समजायला मला फार वर्षं लागली.

दहावा दिवस नवतपातला होता. भरदुपारी आमचा पोस्टमन दुकानासमोरच सायकलवरून कोसळला. दोघांनी त्याला ओट्यावर आणलं. बाबांनी काखेत हात घातला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी घमेलं भरून हरभऱ्याची भाजी चुरायला बसले. माणसं भोवती उभी होती. बाबांचा चेहरा अशा वेळी फार सुंदर दिसायचा, शांत आणि कामात बुडालेला. तेवढ्यात मला आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. ते बराच वेळ रडत असावं, आवाज बसला होता. आई मागच्या अंगणात होती. मी हात पुसत मधल्या खोलीत गेले.

ताई उताणी पडली होती. डोळे उघडे, लाल. बाळ तिच्या कुशीत रडत होतं आणि ती छताकडे बघून बोलत होती, "बस लागली वं. पेट्या चढव ना. संत्रे सडून राहिले." मी तिच्या कपाळाला हात लावला आणि मागे घेतला. मग फडक्याखालून मानेला लावला, मग काखेत. सगळं कोरडं. गोधडीखाली, शेगडीवर, मे महिन्यात, बाईच्या अंगाला घामाचा थेंब नव्हता. मला पाठ होतं ते सगळं माझ्यासमोर होतं, एकूण एक लक्षण.

मी ओट्यावर धावले. "बाबा, ताईले ऊन लागली!"

बाबांनी वर पाहिलं. भोवतीच्या माणसांनीही पाहिलं. बाबा हसले. "पागल झाली का वं? दहा दिवस झाले, उंबऱ्याबाहेर नाही गेली ते. सावलीतल्या माणसाले कधी ऊन लागते का?"

माणसंही हसली. पोस्टमनला पंख्यानं वारा घालणारा म्हणाला, "पोरगी डाक्टर होऊन राहिली दौलतजी तुमची."

"बाबा, घाम नाही आहे तिले. बरळून राहिली."

"बाळंतवारा असन. आईले सांग, शेक वाढव म्हना." आणि ते पुन्हा पोस्टमनकडे वळले.

आईनं तेच केलं. तिनं ताईकडे एकदा बघितलं, "वारा शिरला, मी म्हनतच होती," असं म्हणाली, पेटीतून आणखी एक गोधडी काढून तिच्यावर टाकली आणि शेगडीत कोळसे घातले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उन्हाच्या आजारावर अख्ख्या इतवारीत ज्यांची ख्याती, त्यांच्या घरात उन्हानं मरणाऱ्या पोरीवर दुसरी गोधडी टाकली गेली, कारण ऊन हे उन्हातच लागतं असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. लोक म्हणतात जुन्यांना सगळं माहीत होतं. होतं. म्हणून तर राग येतो. माहीत नसतं तर मी माफ केलं असतं.

मी ओट्यावर गेले, पोस्टमनच्या उशाशी असलेलं ते घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि कोणी काही म्हणायच्या आत मधल्या खोलीत जाऊन ताईवर उपडं केलं. डोक्यावर, मानेवर, गोधड्यांवर. शेगडीवर पाणी पडून भसकन वाफ उठली. आईनं माझ्या कानाखाली मारली. मग दुसरी. मी गोधडी ओढत होते आणि आई माझे केस ओढत होती. बाबा मला मारायलाच आत आले होते, हात उगारलेला होता. पण दारातून दोन पावलं आत आले आणि त्या खोलीची धग त्यांच्या तोंडावर आली. दहा दिवसांत पहिल्यांदा. हात तसाच राहिला. त्यांनी ताईच्या काखेत हात घातला, पापणी वर केली. लाथेनं शेगडी बाजूला केली, ताईला ओल्या लुगड्यात गुंडाळून उचललं आणि बाहेर रिक्षाला हाक मारली. रिक्षा उभीच होती, रिक्षावाला पन्हं पीत होता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं सलाईन लावलं, बर्फ मागवला, आणि लिहिता लिहिता विचारलं, "उन्हात कुठे नेलं होतं हिला?"

"नाही जी, घरातच होती," आई म्हणाली.

"पाणी कधी प्यायली?"

बाबांनी आईकडे पाहिलं. मी म्हटलं, "काल सकाळी. एक वाटी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. बाबांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही काय करता?"

"शरबताचं दुकान आहे जी," बाबा म्हणाले.

त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान एका माणसानं तरी त्यांना तोंडावर विचारलं असं मला म्हणता आलं असतं.

ताई वाचली. पण दूध आटलं, तिचा मुलगा प्रकाश गाईच्या दुधावर वाढला, आणि ताईचा उजवा हात तेव्हापासून थरथरतो. ग्लास नेहमी अर्धाच भरून द्यावा लागतो. महिन्याभरात ती काटोलला परत गेली. आणि मग दुकानात गोष्ट सुरू झाली. "पोरगी हातची गेली होती," बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "हरभऱ्याच्या पाण्यानं वापस आनली." गोधडीचं नाव नाही, शेगडीचं नाव नाही, सलाईनचंही नाही. लोक हळहळायचे आणि आणखी एक ग्लास घ्यायचे. दुकानात ते पाणी बाबांनी घातलेलं असायचं. घरात मात्र ते मी घातलेलं होतं. कारण घरात आईनं वेगळीच गोष्ट केली होती: शकीनं बाळंतिणीच्या अंगावर थंड पाणी ओतलं, म्हणून सुमनचा हात गेला. माझ्या देखत सांगायची, पाहुण्यांना सांगायची. एकदा मी ओरडले, "तू पाणी काहून बंद केलं होतं तिचं?" तर आई शांतपणे म्हणाली, "माह्या बाळंतपणात मले तं तेवढीबी वाटी नाही भेटली. मी कोणाले बोलली का?" जणू काही तिला मिळाली नाही, हेच ताईला न देण्याचं कारण. त्या दिवसापासून मी पळी हातात धरली नाही. बाबांनी दोनदा मारलं, तरी नाही. शाळा शिकले, शाळेतच नोकरी केली, आणि चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात वर्गाच्या खिडक्या उघडून मुलींना म्हणत राहिले, पाणी प्या, विचारू नका, उठा आणि प्या.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. ताई आता प्रतापनगरला प्रकाशकडे असते. यंदा मे महिन्यात प्रकाशची मुलगी ऋतुजा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. मी बाळाला झबलं घेऊन गेले. घरातला एसी बंद, पंखा बंद. ऋतुजाच्या खोलीचं बाल्कनीचं दार लावलेलं आणि त्याच्या फटीत टॉवेल कोंबलेला. तिच्या कानांना फडकं. ओठ कोरडे. उशाशी स्टीलची वाटी, उपडी. आणि दारात खुर्ची टाकून माझी बहीण बसलेली, सत्तरी ओलांडलेली, थरथरता हात मांडीखाली धरून.

मी म्हटलं, "ताई, हे काय आहे?"

"बाळंतीण आहे ते. तुले काय समजते? तुले कुठं लेकरं झाले?"

"डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय आजी," ऋतुजा हळूच म्हणाली.

"डॉक्टरले काय, सुई टोचली का झालं. मी नाही राहिली का दहा दिवस तशीच? मेली का मी?"

"मेली होती!" मी ओरडले. शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेलं असेल. "मेली होती तू, मी पाहिलं आहे. संत्र्याच्या पेट्या चढवून राहिली होती तू बाजेवर पडून!"

मी टॉवेल ओढून काढला, दार उघडलं, पंखा लावला. मग स्वयंपाकघरात गेले. फ्रीजमध्ये कैऱ्या होत्या. गॅसवर जाळी ठेवून भाजल्या, साल काळी होऊन फुटेपर्यंत. बोटं पोळली. गूळ, जिरं, काळं मीठ. बावन्न-त्रेपन्न वर्षांनी मी पन्हं केलं, आणि हाताला काही विचारावं लागलं नाही. ग्लास भरून मी ऋतुजासमोर धरला. आणि शिकलेली, नोकरी करणारी, मोबाईलवर सगळ्या जगाशी बोलणारी ती पोर माझ्याकडे नाही, ग्लासाकडेही नाही, आजीकडे बघत बसली. परवानगीसाठी. मी म्हटलं, "तिकडं नको पाहू. पे." ती प्यायली. एका दमात, मध्ये श्वाससुद्धा न घेता, आणि रिकामा ग्लास पुढे केला. मी पुन्हा भरला.

ताई खुर्चीतून हलली नव्हती. मला वाटलं, आता भांडेल, आईसारखी पाण्याची आणि हाताची गोष्ट काढेल. मी तयारच होते, माझ्याकडे एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं. पण ती ऋतुजाच्या गळ्याकडे बघत होती, घोट खाली उतरताना. मग अगदी हळू म्हणाली, "मी तुले मागतलं होतं."

"काय?"

"आईले नाही मागतलं मी. बाबाले नाही. तुले मागतलं होतं, धुतलेल्या गिलासाचं पानी. तू तिले काहून सांगतलं वं?"

मी तिच्यासमोर उभी होते. बाबांविरुद्ध, आईविरुद्ध, त्या माना डोलवणाऱ्या माणसांविरुद्ध, सगळ्यांविरुद्ध माझ्याजवळ शब्द होते, आयुष्यभर ते मी घासूनपुसून ठेवले होते. याला नव्हते. पंखा फिरत होता. बाळ जागं झालं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन आणखी एक ग्लास आणला, त्यात पन्हं ओतलं, अर्धंच, आणि तिच्यापुढे धरलं.

"घे ना ताई."

तिनं ग्लासाकडे पाहिलं. मांडीखालचा हात बाहेर आला, थोडा पुढे झाला, आणि परत गेला.

"आता काय करू घेऊन," ती म्हणाली. "आता मले शुगर आहे."